शेंदराखालचा नंबर

आमच्या गाडीचं पासिंग देवामुळे अडलं. हे मी शाळेत कुणालाही सांगितलं नाही, कारण शाळेत मी विज्ञान शिकवते आणि दर वर्षी सातवीच्या वर्गात अंधश्रद्धेवर तावातावाने बोलते. त्या तासाला बाकसुद्धा गप्प बसतात असं मुलं म्हणतात.

गाडी म्हणजे पांढरी अँबॅसेडर. मी शाळकरी असताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका निवृत्त इंजिनियरकडून ती घेतली. अण्णा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते आणि आजोबांनी जन्मभर मेंढरं वळलेली, त्यामुळे चार पायांचं सगळं आमच्या घरानं पाहिलेलं होतं, चार चाकांचं हे पहिलंच. गाडी आणून देणाऱ्या ड्रायव्हरला आईने पहिला प्रश्न विचारला, "दात किती हायेत?" आमच्यात जनावर दावणीला बांधायच्या आधी दात बघतात, त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. ड्रायव्हर मुरलेला होता. त्याने बॉनेट उघडलं, इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेले आकडे दाखवले आणि म्हणाला, "दाताचं राहू द्या वहिनी. गाडीचं सगळं इथं हाय. हे आकडे हायेत तवर गाडी, हे गेले की निस्ता पत्रा."

त्याला चेसिस नंबर म्हणायचा होता. आईला गाडीतलं देवाचं ठाणं सापडलं. तिने घरात जाऊन शेंदूर आणला, तेलात कालवला आणि त्या आकड्यांना एक बोट लावलं. तेव्हापासून दर दसऱ्याला आम्ही सगळे टायरला हळदकुंकू वाहायचो आणि आई बॉनेट उघडायला लावायची. दर पाच वर्षांनी पासिंग आलं की अण्णा रॉकेलच्या फडक्याने आकडे पुसून घ्यायचे, साहेब नंबर बघायचे, गाडी पास व्हायची. पुढच्या दसऱ्याला आई परत बोट लावायची. यावरून घरात कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही, आणि आमच्या घरात भांडण व्हायला कारण फार लागत नाही.

मागचं पासिंग झालं आणि त्याच महिन्यात मावशीला अर्धांगवायूचा झटका आला. मावशी आईपेक्षा सहा वर्षांनी मोठी. जाफराबादजवळच्या तिच्या गावी ती मुलगा-सुनेकडे असते. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, आणि ती खाटेवर पडली ती पडलीच. आई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिला भेटायला जायला लागली.

आता आईची एक अडचण आहे. तिला गाडी लागते. एस.टी.त बसली की जालन्याची शीव ओलांडायच्या आत तिचा चेहरा पिठासारखा होतो. जीपमध्ये तर विचारूच नका. माझ्या धाकट्या भावाने पुण्याहून नवीकोरी, थंडगार गाडी आणली होती, त्या गाडीची सीट त्याला बदलून घ्यावी लागली. फक्त अँबॅसेडरमध्ये आईला काही होत नाही. काचा खाली, बसायला ऐसपैस, वेग बैलगाडीने मागे टाकावं असा. अण्णांची नजर अधू झाल्यापासून चालवते मी. म्हणजे हिशोब सरळ होता. गाडी आहे तर बहीण आहे. गाडी गेली तर आईची मावशीशी भेट संपली. आणि पासिंग झालं नाही तर गाडी भंगारात जाणार होती. जालन्यात भंगार लांब जात नाही, इथल्याच भट्टीत वितळून त्याच्या सळया होतात आणि त्या सळया आपल्याच शेजाऱ्याच्या स्लॅबमध्ये जातात.

यंदा मुदत संपायला अकरा दिवस असताना मी गाडी आरटीओच्या मैदानावर नेली. अण्णा शेजारी, आई मागे. अण्णांनी दोन दिवस गाडी धुतली होती. टायर काळेभोर, दिवे लखलखीत. वायपर मधेच थांबायचा म्हणून त्यांनी त्याला तेल घातलं होतं आणि आता तो थांबायलाच तयार नव्हता. कडक उन्हात काचेवर वायपर फिरवत आम्ही मैदानात शिरलो, तेव्हा टेम्पोवाले हसले. मी त्यांच्याकडे सातवीच्या वर्गाकडे बघते तसं बघितलं.

निरीक्षक साहेब तरुण होते आणि सभ्य होते. त्यांनी ब्रेक बघितले, हॉर्न वाजवून घेतला, उजवा-डावा दिवा लावून घेतला. ते काही तपासायला लागले की उत्तर अण्णा द्यायचे, तेही दवाखान्यातल्या जनावराबद्दल द्यावं तसं. "थंडीत जरा खोकते साहेब, पण चारापाणी बराबर हाय." शेवटी साहेबांनी बॉनेट उघडायला सांगितलं, मोबाईलचा उजेड पाडला आणि आत वाकले. वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

वर आले तेव्हा त्यांचे हात जोडलेले होते.

"देव दिसला," ते म्हणाले. "नंबर दिसेना."

मी आत बघितलं. खरं सांगते, गाडी मी चालवत असले तरी बॉनेट उघडणं हे आईचं आणि अण्णांचं खातं होतं. आकड्यांच्या जागी नारळाएवढा शेंदराचा गोळा होता. इंजिनाच्या उष्णतेने तुकतुकीत झालेला. आणि त्याला चांदीचे डोळे होते.

"हे डोळे कधी बसवले?" मी आईला विचारलं.

"सोनारानं मागच्या संक्रांतीला दिल्ते," आई म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर तू भाषण केलं असतंस."

डोळे बसल्यापासून त्यावर रॉकेलचं फडकं फिरवायचा धीर अण्णांना झाला नव्हता. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक टेम्पोवाला चप्पल काढून पुढे आला. त्याच्या मागे दुसरा. "कोणता देव हाय?" त्याने भक्तिभावाने विचारलं. अण्णा म्हणाले मारुती. त्याच क्षणी आई म्हणाली बिरोबा. मी म्हणाले, "चेसिस नंबर आहे तो!" टेम्पोवाल्याने तिघांकडे आळीपाळीने बघितलं आणि सुरक्षित म्हणून पुन्हा एकदा नमस्कार केला.

साहेबांचं म्हणणं साधं होतं. नंबरावर कागद धरून पेन्सिल फिरवायची, छाप घ्यायची, ती फाईलला लावायची. छाप नाही तर पासिंग नाही. "साफ करून आणा मॅडम. बाकी गाडी चांगली आहे."

"तुम्हीच खरवडा ना," मी म्हणाले. माझा पारा चढला होता. "तपासणी तुमची आहे."

ते दोन पावलं मागे सरकले. "माझं पुढच्या महिन्यात लग्न आहे मॅडम. मी हात लावणार नाही."

घरी आल्यावर मी जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. दसऱ्याच्या एका बोटाचा नारळ कसा झाला, हे मला कळायला हवं होतं. आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "दर फेरीला एक बोट लावलं. तिच्याकडं निघायच्या आधी. म्हणायचे, गाडी नीट ने, अन् म्या जाईस्तोवर तिला काही होऊ देऊ नको." पाच वर्षांत एकही रविवार चुकला नव्हता. साठ बोटं. अधूनमधून मावशीला जास्त झालं की दोन-दोन.

यावर मी अण्णांवर ओरडले.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रींकडे नेली. हे मिस्त्री वीस वर्षं आमची गाडी बघतात आणि तिच्या पोटातलं एकही नटबोल्ट त्यांना अनोळखी नाही. त्यांनी गोळा बघितला, कानाला हात लावले. "ना बाई, मै नै करता. मै अल्ला का बंदा, भाभी का देव. कल इंजन बैठ गया तो तुम बोलोगे मिस्त्रीने देव निकाला." त्यांना तो गोळा नवीन नव्हता. वर्षभर ते त्याला धक्का न लावता वळसा घालून स्पॅनर फिरवत होते. "ब्रेक और अच्छा करके देता," ते म्हणाले आणि चार दिवस गाडी ठेवून घेतली.

मंदिरातल्या गुरवांकडे अण्णा गेले. गुरव म्हणाले, विधी करून बसवलेला नाही, तर तो देवच नाही, खुशाल काढा. अण्णा आनंदाने ही बातमी घेऊन आले. आई म्हणाली, "देव न्हाई? मंग पाच वर्सं म्या कुनाशी बोलून राह्यले?" अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पेपर वाचायला बसले. पेपर कालचा होता.

गाडी परत आली त्या दुपारी आई झोपली होती. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन अंगणात गेले. म्हटलं, आपण विज्ञानाच्या शिक्षिका, शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग आणि वर गोडं तेल, दोन मिनिटांचं काम. बॉनेट उघडलं. त्या चांदीच्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी स्क्रू ड्रायव्हर उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, मग परत उजव्यात. मग मला एकदम आठवलं की पेपर तपासायचे राहिलेत. मी बॉनेट आवाज न करता लावलं. पुढच्या वर्षी सातवीसमोर मी कोणत्या तोंडाने उभी राहणार आहे, कोण जाणे.

पहिला रविवार आला. पासिंग होईस्तोवर गाडी गावाबाहेर न्यायची नाही, असं अण्णांनी ठरवलं होतं. मुदत बाकी होती, पण अण्णांचा स्वभाव परीक्षेच्या आदल्या दिवशी पेन्सिलला टोक करून ठेवणाऱ्या मुलासारखा आहे. आई म्हणाली, मी एस.टी.ने जाते. मी नको म्हणाले, तिने पिशवी उचलली, मग मीही तिच्याबरोबर निघाले. खिडकीची जागा मिळाली, तोंडात लवंग होती, हातात लिंबू होतं. कशाचा काही उपयोग झाला नाही. राजूर येईपर्यंत तिच्या अंगात त्राण उरलं नाही. कंडक्टर भला माणूस, त्याने गाडी थांबवून आम्हाला हळूच उतरवलं.

स्टँडजवळ कडुलिंबाखाली आम्ही बसलो. आईने चूळ भरली, तोंड पुसलं. पुढे जाणारी जीप समोर उभी होती, माणसं कोंबणं चालू होतं. आईने त्या जीपकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली. मावशीसाठी आणलेल्या मऊ भाताचा डबा तिने मांडीवर घट्ट धरला होता. माझी आई रडत नाही, ती चिडते. ते बरं असतं, आपल्यालाही चिडता येतं. त्या दिवशी ती चिडली नाही. मला फार वाईट वाटलं, आणि तिच्यावर ओरडले होते त्याची लाज वाटली.

मग ती म्हणाली, "माझा बाप वर्सातून दोनदा मेंढरं कातरायचा."

"हो," मी म्हणाले.

"कातरल्यावर मेंढरू मरतं का?"

"नाही."

"उलट हलकं होतं. उड्या मारतं." तिने लिंबू पिशवीत टाकलं. "चल घरी. कातरून टाकू."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. सकाळी न्हाऊन, ओल्या केसांनी, आई उलथणं घेऊन अंगणात आली. अण्णांनी बॉनेट धरून ठेवलं, खरं तर ते टेकूवर नीट राहतं. आईने आधी त्या गोळ्याशी बोलून घेतलं. "बा, लई ओझं झालं तुझ्या अंगावर. उन्हाळा हाय. थोडं कातरते. राग मानू नको, अन् मानायचाच असला तर ह्या पोरीवर मान, हिचा इस्वास न्हाई." मग तिने कडेने उलथणं सारलं, जशी ती तव्यावरची भाकरी सोडवते तसं, चारी बाजूंनी, घाई न करता. एक आवाज झाला आणि गोळा डोळ्यांसकट अख्खाच्या अख्खा तिच्या हातात आला. अण्णांनी बॉनेट सोडलं, ते टेकूवर राहिलं.

खाली नंबर होता. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. एकेक आकडा ठसठशीत, कडा धारदार, कुठं गंजाचा ठिपका नाही.

आरटीओच्या मैदानावर त्याच साहेबांनी कागद लावला, पेन्सिल फिरवली आणि छाप उजेडात धरली. "एवढ्या जुन्या गाडीचा इतका स्वच्छ नंबर मी बघितला नाही," ते म्हणाले. "या वयाच्या गाड्यांचे आकडे गंजून जातात. निम्म्या गाड्या त्यामुळेच अडकतात. काय लावता तुम्ही?"

आईने माझ्याकडे बघितलं. तेल हवा आणि पाणी लागू देत नाही, म्हणून लोखंड गंजत नाही, हे मी तिला समजावून सांगू शकले असते. सातवीच्याच पुस्तकात आहे. मी नाही सांगितलं.

"पाच वर्षं आता बघायला नको," साहेब अण्णांना म्हणाले. अण्णांनी त्यांना लग्नाच्या शुभेच्छा दिल्या आणि थंडीत बॅटरीची काळजी घ्या असंही सांगितलं, नक्की कशासाठी ते मला कळलं नाही.

"आता घरी?" मी विचारलं.

"घरी कशाला?" आई म्हणाली. "जाफराबाद."

गोळा खणात गुंडाळून तिच्या मांडीवर होता. तो कुठेही टाकायचा नसतो, पूर्णा नदीत सोडायचा, असं तिने ठरवलं होतं. काचा खाली होत्या, वायपर थांबलेला होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या पळाट्यांचे ढीग रचलेले होते. राजूर आलं आणि गेलं. आईने बाहेर बघितलंही नाही.

मावशी खाटेवर होती. आम्ही रविवारी आलो नाही म्हणून तिने भिंतीकडे तोंड केलं होतं. आई तिच्या उशाशी बसली आणि सगळं सांगत सुटली, साहेब, टेम्पोवाले, गुरव, एस.टी., उलथणं. खण उघडून तिने गोळा दाखवला. "हे बघ. समदं तुझ्यापायी. एकेक फेरीचं एकेक बोट."

मावशीने मान वळवून गोळ्याकडे बघितलं. मग आईकडे. झटक्यापासून तिचे शब्द ओले होऊन येतात, एकेक सोडवून घ्यावा लागतो. ती म्हणाली, "साठ येळा आलीस."

"हो की."

"साठ येळा गाडी दारात उभी राह्यली." ती थांबली, तोंडात शब्द जुळवले. "मला एकदा तरी बसवलंस का?"

आई खण परत गुंडाळायला लागली. मी अण्णांकडे बघितलं, अण्णा खाली बघत होते. डबे आणले होते, औषधं आणली होती, गादी बदलून दिली होती, तेल चोळलं होतं. पण ही बाई पाच वर्षं त्या खोलीच्या पत्र्याकडे बघत पडली आहे आणि तिला बाहेर न्यावं, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं. मलासुद्धा नाही, आणि स्टिअरिंग माझ्या हातात होतं.

मग मावशीच्या मुलाने आणि मी तिला खुर्चीत बसवून खुर्चीसकट उचललं, आईने डोकं सांभाळलं, अण्णांनी दार धरलं. अँबॅसेडरचं दार मोठं असतं. पुढच्या लांब सीटवर तिला बसवलं, शेजारी आई तिला धरून बसली, अण्णा मागे गेले. सुनेने धावत जाऊन नवं लुगडं आणलं आणि ते तिच्या खांद्यावरून टाकलं. गल्लीतून निघालो तेव्हा बायका दारात आल्या. मावशीने डावा हात वर केला आणि खाली घेतलाच नाही, गाव संपेपर्यंत.

नदीला गुडघाभर पाणी होतं. आई उतरून गोळा सोडून आली. मावशीने तिकडे पाहिलं नाही. ती काठावरच्या म्हशी मोजत होती, मोठ्याने, आणि चुकली की पुन्हा पहिल्यापासून मोजत होती. मी शाळेपर्यंत नेलं, तिच्या जुन्या शेताच्या बांधापर्यंत नेलं, डांबरी रस्त्याच्या फाट्यापर्यंत नेलं. दर ठिकाणी तिने डाव्या हाताने पुढे दाखवलं.

ऊन उतरायला लागलं तसे आम्ही दारात परत आलो. मुलगा खुर्ची घेऊन उभा होता. मी इंजिन बंद केलं. मावशीने डाव्या हाताने दाराची मूठ घट्ट धरली.

"उतर आता," आई म्हणाली. "थकशील."

"कागद किती दिसाचा मिळाला गाडीला?" मावशीने विचारलं.

"पाच वर्सांचा."

"मंग," मावशी म्हणाली, "उतरायची एवढी काय जल्दी हाय?"

मी पुन्हा किल्ली फिरवली.